मानेतली नळी बसते कशी

मंडला, दिंडोरी, नरसिंहपूरकडचे गंभीर रुग्ण जबलपूरच्या मेडिकल कॉलेजात येतात. आयसीयूबाहेर आपल्यापुढे संमतीपत्र येते: ‘सेंट्रल लाइन टाकायची आहे.’ म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नळी. हाताच्या शिरेला न सोसणारी औषधे तिच्यातून देतात. डायलिसिसची नळी मात्र जाड, सुमारे ४ मिलिमीटरची, दोन मार्गांची.

डायलिसिससाठी पहिली पसंती मानेच्या उजव्या बाजूला. तिथून हृदयाकडची वाट सरळ. खांद्यापुढच्या हाडाखालची शीर शक्यतो टाळतात. ती अरुंद झाली, तर त्या हातावर फिस्टुला (शीर आणि धमनी जोडून केलेली डायलिसिसची कायमची सोय) नीट चालत नाही.

रुग्णाचे डोके थोडे खाली करतात; शीर भरते, हवा आत ओढली जात नाही. डॉक्टर टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन घालतात, रुग्णावर मोठी निर्जंतुक चादर पसरतात. जंतुनाशक पूर्ण वाळू द्यायचे असते. इथे घाई फार होते.

सोनोग्राफीत दाबल्यावर शीर चपटी होते, धमनी सहसा नाही. मग सुई, सुईतून तार, सुई काढून तारेवरून नळी. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडलेली ही पद्धत.

खरा धोका तार गेल्यानंतरचा. नळीसाठी वाट रुंद करायला डायलेटर, म्हणजे टोकदार जाड नळी, घालतात. सुई चुकून धमनीत गेली, तर बहुधा दाबून भागते. डायलेटर गेला, तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. रक्त काळपट आहे, उसळत नाही, एवढ्यावर विसंबता येत नाही: ऑक्सिजन आणि बीपी दोन्ही घसरलेल्या रुग्णाचे धमनीतले रक्तही तसेच दिसते. म्हणून तार शिरेतच आहे हे सोनोग्राफीत पाहूनच पुढे जावे. माझ्या मते सगळ्यात मोलाचे मिनिट हेच.

तार फार आत गेली की मॉनिटरवर ठोके चुकतात. ती थोडी मागे घेतात. तारेवरचा हात सुटता कामा नये. अख्खी तार आत राहिल्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून शेवटी ती बाहेर आल्याची खात्री मोठ्याने बोलून करावी.

मग प्रत्येक मार्गातून रक्त येते का हे पाहून नळी टाक्यांनी बसवतात. एक्स-रेत टोकाची जागा कळते, फुप्फुसाला इजा झाली का तेही. डायलिसिसच्या नळीत बहुधा हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, भरून ठेवतात. ते आधी ओढून न काढता सलाइन जोडले, तर हेपारिन थेट शरीरात जाते.

नळी राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ‘आज हिची गरज आहे का?’ हे आपणही रोज विचारावे. काढताना रुग्णाला आडवे ठेवतात, जागा दाबून धरतात आणि हवाबंद पट्टी लावतात.