कवीची वही रद्दीत जाऊ नये म्हणून



चौथीच्या वर्गात बहिणाबाई चौधरींची ओळख करून देत होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, असं सांगितल्याबरोबर एका मुलाने हात वर केला. "मग बाई, त्यांचं पुस्तक कसं काय छापलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आजचा लेख त्या प्रश्नावरूनच सुचला.

एका वहीची गोष्ट

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी झाला. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्यांना ओव्या सुचत आणि त्या गात. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. आईची काही गाणी सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ऐकता ऐकता कागदावर उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं आणि घरात गायली जाणारी गाणी सगळ्या महाराष्ट्राची झाली.

आता उलट विचार करू. ती गाणी कोणी लिहूनच घेतली नसती तर? किंवा लिहिलेले कागद आवराआवरीत कुठे गेले असते तर? जी गाणी कागदावर आली नाहीत, ती बहिणाबाईंबरोबरच गेली. आपल्या पाठ्यपुस्तकातली कविता कोणीतरी जपलेल्या कागदावरून आपल्यापर्यंत पोचली आहे, हे मुलांना आवर्जून सांगायला हवं.

ग्रंथालय वेगळं, अभिलेखागार वेगळं

ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या शेकडो प्रती असतात. एक फाटली तर दुसरी मिळते. अभिलेखागारात, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या संस्थेत, प्रत्येक कागद एकुलता एक असतो. कवीच्या वह्या, पत्रं, कात्रणं, कार्यक्रमांच्या पत्रिका, दुरुस्त केलेली मुद्रितं, असं सगळं तिथे एकत्र ठेवतात. एका व्यक्तीचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळत नाहीत. शक्यतो त्या माणसाने ज्या क्रमाने ठेवले होते तोच क्रम ठेवतात, कारण कुठल्या कवितेशेजारी कुठलं पत्र होतं यावरूनही पुष्कळ कळतं.

आपल्याकडे हे काम फार पूर्वी झालं आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठोमठी फिरून समर्थ रामदासांची आणि रामदासी परंपरेतली हस्तलिखितं गोळा केली. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ती बाडं आज धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. म्हणजे या कामाची सुरुवात एका माणसाच्या पायपिटीतून आणि लोकांच्या विश्वासातूनही होऊ शकते.

दुसरं उदाहरण मुंबईचंच. इंग्रजीत लिहिणारे कवी आदिल जस्सावाला यांनी वर्षानुवर्षं पत्रं, कात्रणं, लहान नियतकालिकं सांभाळून ठेवली. त्यांचे कागद आज अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. ते नीट जपले जात आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. पण मुंबईच्या कवितेचा अभ्यास करायचा तर कागद बघायला अमेरिका गाठावी लागणार, याची थोडी रुखरुखही वाटते.

आपल्या उपनगरात काय?

घाटकोपरच्या चिरागनगरात लोकशाहीर अण्णाभाऊ साठे राहत होते. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेल्या या माणसाने पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचं निवडक वाङ्मय पुढे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलं. पण अण्णाभाऊंएवढं नाव न झालेले कितीतरी शाहीर, भजनं रचणारे, गिरणीत नाहीतर बेस्टमध्ये नोकरी करून कविता लिहिणारे आपल्या चाळींत, वस्त्यांत होऊन गेले. त्यांच्या वह्या कुठे आहेत?

मागच्या वर्षी आमच्या एका पालक ताईंनी सांगितलं, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या घरात जागा नव्हती, म्हणून माळा रिकामा करताना सासऱ्यांच्या कवितांच्या वह्या रद्दीत गेल्या. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. चूक त्यांची नव्हती. त्या वह्या कोणाला हव्या असतील, हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. २६ जुलै २००५ च्या पावसात तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा उपनगरांतल्या तळमजल्यांवर, बैठ्या घरांत काय काय भिजलं, ते आपल्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे.

घरात अशी वही असेल तर

१. वही खालच्या कपाटात किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नका. पावसाळ्यानंतर कसर, वाळवी बघा.

२. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही नको. चिकटपट्टीचा डिंक पुढे कागद पिवळा करतो. गंजणाऱ्या टाचण्या आणि क्लिपा हलक्या हाताने काढा.

३. काही लिहायचंच असेल तर शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात.

४. प्रत्येक पानाचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. फोटो आहे म्हणून मूळ वही मात्र टाकू नका.

५. आजी-आजोबा आहेत तोवर विचारून घ्या: ही वही कोणाची, कधीची, हे गाणं कुठे म्हणायचे? नुसत्या कागदाला तोंड नसतं.

६. संस्थेला द्यायचं ठरलं तर घरातल्या सगळ्यांशी बोला, यादी करा आणि लेखी पोच घ्या. कागद दिले म्हणजे कवितांचे हक्कही दिले असं होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो, म्हणून छापण्याच्या परवानगीबद्दल वेगळं लिहा.

विचारणा कुठे करायची? आधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे आणि त्याच्या मराठी संशोधन मंडळाने जुन्या हस्तलिखितांवर मोठं काम केलं आहे. अशा ठिकाणी निदान योग्य दिशा मिळते.

वर्गात काय करता येईल?

आपण मुलांना सारखं सांगतो, "खाडाखोड करू नका." पण कवीची कच्ची वही उघडली तर ती खाडाखोडीनेच भरलेली असते. एक शब्द खोडला, दुसरा लिहिला, पुन्हा पहिलाच आणला. छापलेल्या पानावर ही मेहनत दिसत नाही. म्हणून मुलांना वाटतं, कविता एका दमात उतरते, आणि आपल्याला ते जमणारच नाही.

मी आता चार ओळींची कविता लिहून घेताना खोडरबर बाजूला ठेवायला सांगते. नको असलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, वर नवा लिहायचा, खाली तारीख टाकायची. पंधरा दिवसांनी तीच कविता पुन्हा लिहायची. दोन्ही कागद एका फोल्डरमध्ये राहतात. मुलं आपले दोन कागद शेजारी ठेवून बघतात, तेव्हा "बाई, आधी मी असं लिहिलं होतं!" हे वाक्य हमखास ऐकू येतं.

सोबत गृहपाठ म्हणून एकच प्रश्न द्या: आपल्या घरात किंवा शेजारी कोणी गाणी, अभंग, कविता लिहायचं का? वर्गातून एक जरी वही पुढे आली, तरी एक वही रद्दीत जायची वाचली.