दात सोड ना!

हे वाचताना एक सेकंद थांबा. ओठ मिटलेलेच राहू देत, पण आत काय चाललंय बघा. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर टेकलेत का? टेकले असतील, तर तुमचा जबडा आत्ता फुकटचा ओव्हरटाइम करतोय.

खरं तर दात एकमेकांना टेकायचे ते घास चावताना आणि गिळताना. दिवसभराची बेरीज केली तरी ती काही मिनिटांचीच. बाकी वेळ मध्ये दोनेक मिलिमीटरची फट असते. टेन्शन आलं की ती फट बंद होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

माझ्या रूममेटला तो लागला वडापाव खाताना. एमपीएससीची तयारी, रोज दहा-बारा तास अभ्यासिकेत. कान दुखतो म्हणून दोन महिने कानात थेंब घालत होती. एका संध्याकाळी टपरीवर तोंड उघडायला गेली, तर कानापुढे 'कट्ट' झालं आणि तोंड अर्ध्यावरच अडकलं. हातात पाव, डोळ्यांत पाणी. (आम्ही आधी हसलो. सॉरी यार.) डेंटिस्टने घासलेल्या दाढा आणि गालाच्या आतली पांढरी रेघ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "परीक्षा कधी आहे?"

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. तिथे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, हलताना जाणवेल. म्हणून त्याचं दुखणं कानाचं वाटतं, कधी कानशिलाचं. नुसता आवाज येतो पण दुखत नाही, तर घाबरायचं कारण नाही. दुखतंय, किंवा तीन बोटं उभी मावतील इतकंही तोंड उघडत नाही, तर मात्र डेंटिस्ट गाठा.

रागाने दातओठ खाणारा माणूस सगळ्यांना दिसतो. काळजीने दात आवळणारा दिसत नाही. डॉक्टर याला ब्रक्सिझम म्हणतात. जागेपणी दात आवळण्याचं चिंतेशी नातं बरंच पक्कं आहे. झोपेत दात खाण्याचं तितकं सरळ नाही. झोप क्षणभर चाळवते आणि जबड्याचे स्नायू कामाला लागतात. कॉफी, सिगरेट, दारू यांनी ते वाढतं, डिप्रेशनवरच्या काही गोळ्यांनीही वाढू शकतं. म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, ज्यांनी लिहून दिल्या त्यांना सांगा. घोरत असाल तर तेही सांगा. आणि जंत? रूममेटच्या आजीने फोनवर जंतांचं औषध सुचवलंच. बावीस वर्षांच्या नातीला!

खरा घोळ दुखायला लागल्यावर होतो. 'पेपरच्या दिवशी जबडा अडकला तर?' या धास्तीने ती आणखी दात आवळायची, मग आणखी दुखायचं. रात्रीसाठी मापाची प्लेट मिळाली, म्हणजे नाइट गार्ड. त्याने दातांची झीज वाचते, सवय मोडत नाही. सवयीसाठी तिने अभ्यासिकेतल्या टेबलावर चिठ्ठी चिकटवली, 'दात सोड'. नजर गेली की ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ 'न' म्हणताना टेकते तिथे. च्युइंगम बंद, काही आठवडे मऊ जेवण, गालाला गरम शेक. वडापाव खायचा तर तुकडे करून. हा तिच्या मते सगळ्यात मोठा अन्याय.

डेंटिस्टने एक गोष्ट स्पष्ट सांगितली, "दातांचं मी बघतो, धास्तीचं कुणाशी तरी बोल." तिने टेलि-मानसचा १४४१६ नंबर लावला. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पहिला कॉल तिने गच्चीवर जाऊन केला. खोलीत आम्ही चौघी असतो ना.