न खेळलेल्या खेळांचे ओझे

पावसाळ्याच्या तोंडावर तिशीतला एक तरुण दवाखान्यात आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रात्री झोप लागत नाही, सकाळी डोके जड असते, ऑफिसात लक्ष लागत नाही आणि घरी उगीचच चिडचिड होते, अशा त्याच्या तक्रारी होत्या. रक्तदाब पाहिला. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड सगळे तपासून घेतले. सर्व अहवाल व्यवस्थित होते. मग मी विचारले, "रात्री जेवणानंतर काय करता?"

"कॉम्प्युटरवर असतो."

"गेम खेळता का?"

त्याने मान खाली घातली. म्हणाला, "खेळत नाही डॉक्टर. विकत घेतो."

वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असे उत्तर मी प्रथमच ऐकले. हळूहळू सगळे बाहेर आले. त्याच्याकडे ६१२ व्हिडिओ गेम होते आणि त्यांतले ५४० त्याने एकदाही उघडलेले नव्हते. रात्री बायको झोपली की हा कॉम्प्युटरसमोर बसे. कुठे सेल लागला आहे, कोणत्या खेळावर किती टक्के सूट आहे, लोकांचे मत काय आहे हे पाहता पाहता दोन वाजत. मग एक-दोन खेळ घेऊन तो झोपायला जाई. पण झोप कुठली? क्रेडिट कार्डाचे हप्ते चालू होते आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. "आज ना उद्या खेळेन, म्हणून घेतो," असे त्याचे म्हणणे.

औषधाच्या चिठ्ठीवरच मी हिशेब मांडला. एक खेळ सरासरी १५ तासांचा धरला, तर ५४० खेळांचे ८,१०० तास होतात. रोज न चुकता एक तास खेळले तरी २२ वर्षे लागतील. तो आकडा पाहून त्याचा चेहरा उतरला. आता चार उपदेशाचे शब्द बोलावेत म्हणून मी तोंड उघडले आणि थांबलो. कारण घरी माझ्या कॉम्प्युटरवर काय आहे, ते मला ठाऊक होते.

डॉक्टरांचीही कबुली

आमच्या लहानपणी, म्हणजे १९९० च्या सुमारास, टीव्हीला जोडायचा गेम गल्लीत एखाद्याच घरी असे. त्याच्या कॅसेट असत. 'काँट्रा' किंवा 'मारिओ'ची कॅसेट दोन दिवसांसाठी मिळवायला मित्राची किती मनधरणी करावी लागे! कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची. '९९९९ इन १' असे छापलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ पुन्हा पुन्हा येत. पण तेच आम्ही महिनोन्‌महिने खेळलो. स्वतःची कॅसेट मात्र वडिलांनी कधी घेऊन दिली नाही. पगारच तेवढा नव्हता.

आज वयाच्या ४७ व्या वर्षी माझ्याकडे पैसे आहेत आणि वेळ नाही. म्हणून मी खेळ घेत गेलो. त्या तरुणाला पाठवून दिल्यावर मी घरी येऊन माझी यादी मोजली. एकूण ३१८ खेळ निघाले आणि त्यांतले २३१ न उघडलेले. आठवड्याला मला जेमतेम चार तास मिळतात. त्याच हिशेबाने मला साडेसोळा वर्षांहून अधिक काळ लागेल. ही गोष्ट मी सौभाग्यवतींनाही कधी सांगितली नव्हती. रुग्णाला कोणत्या तोंडाने सांगणार?

घेण्यातला आनंद वेगळा, खेळण्यातला वेगळा

असे का होते, हे समजून घेऊ. मेंदूत डोपामाइन नावाचे द्रव्य असते. ते सुखाचे द्रव्य आहे असे सरसकट म्हटले जाते, पण गोष्ट तेवढी सोपी नाही. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला फळांचा रस मिळाला की सुरुवातीला डोपामाइनच्या पेशी उद्दीपित होत. पण रसाच्या आधी ठराविक खूण मिळते हे माकडाला कळल्यावर त्या पेशी रसाला नव्हे, तर त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. म्हणजे मेंदूची धावपळ मिळण्यापेक्षा मिळणार या चाहुलीने जास्त होते. '७५ टक्के सूट, दोन दिवस शिल्लक' ही पाटी अशीच खूण आहे. खेळ विकत घेतला की चाहूल संपते. उरतो तो खेळ, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

आपण खेळ विकत घेतो तेव्हा खरे म्हणजे तो खेळायला लागणारी मोकळी संध्याकाळ विकत घेतली, असे मनाला वाटते. ती संध्याकाळ मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

पूर्वी घराच्या भिंती तरी आडव्या येत. माळा भरला की नवे भांडे घेताना हात आखडे. हल्लीचे खेळ डब्यात येत नाहीत. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये 'स्टीम' ही सेवा सुरू केली आणि पुढे संगणकावरचे खेळ इंटरनेटवरूनच घेण्याची पद्धत रुळली. २०१५ पासून तिथे रुपयांत किमती दिसू लागल्या. शंभर-दीडशे रुपयांचा खेळ घेताना मनाला टोचत नाही, पण थेंबे थेंबे तळे साचते. हा प्रकार आपल्याकडेच आहे असेही नाही. 'आर्स टेक्निका' या अमेरिकी प्रकाशनाने २०१४ मध्ये स्टीमच्या खात्यांची नमुना पाहणी केली. नोंदलेल्या खेळांपैकी एक तृतीयांशाहून अधिक खेळ एकदाही सुरू केलेले नाहीत, असा अंदाज त्यातून निघाला. जपानी भाषेत तर न वाचता रचून ठेवलेल्या पुस्तकांसाठी 'त्सुंदोकू' असा जुना शब्दच आहे.

हा आजार आहे का?

पालक आणि पत्नी यांचा हा नेहमीचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही लक्षणे साधारण वर्षभर असावी लागतात. आमचा तरुण तर खेळतच नव्हता. त्याला हे लेबल लावणे चूक ठरले असते.

नुसता संग्रह असणे हाही आजार नव्हे. कोणी नाणी जमवतो, कोणी पोस्टाची तिकिटे. ज्याला आपला संग्रह पाहून समाधान वाटते, ज्याच्या खिशाला तो झेपतो आणि जो तो उघडपणे दाखवतो, त्याच्या वाटेला डॉक्टरांनी जाऊ नये.

मात्र खरेदीवरचा ताबा सुटणे हा त्रास वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी त्याचे वर्णन करून ठेवले आहे. पुष्कळदा त्यामागे उदासीनता किंवा चिंता दडलेली असते. म्हणून पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत. खरेदी घरच्यांपासून लपवता का? त्यासाठी कर्ज किंवा हप्ते झाले आहेत का? मन खट्टू झाले की हात आपोआप खरेदीकडे जातो का? घेतल्यावर थोड्याच वेळात अपराधी वाटते का? त्यापायी झोप मोडते का? यांतील दोन-तीन प्रश्नांना 'हो' असे उत्तर आले, तर मनोविकारतज्ज्ञाला जरूर भेटावे. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे.

काय करावे?

पहिले पथ्य झोपेचे. रात्री नऊनंतर काहीही विकत घ्यायचे नाही. थकलेला मेंदू सौदा करायला बसला की फसतो. खेळ आवडला तर यादीत टिपून ठेवावा आणि सात दिवसांनी दिवसाउजेडी पुन्हा पाहावा. निम्म्याहून अधिक नावे आपोआप गळतात, हा माझा स्वतःचा अनुभव. सेल चुकेल ही भीती सोडावी, तो पुन्हा येतो.

दुसरे, कार्डाची माहिती दुकानात जतन करून ठेवू नये. प्रत्येक वेळी उठून पाकीट शोधावे लागले की तेवढ्यात विचाराला जागा मिळते.

तिसरे, एका वेळी एकच खेळ काढावा आणि त्याचा वार व वेळ ठरवावी. अर्धवट राहिलेली कामे मनात रेंगाळतात, हे आपण अनुभवतोच. मासिकँपो आणि बाउमाइस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की काम पूर्ण झाले नाही तरी ते केव्हा व कसे करायचे याची नेमकी योजना केल्यास ही टोचणी कमी होते. 'कधीतरी खेळू' यापेक्षा 'रविवारी चार ते सहा' हे मनाला अधिक मानवते.

चौथे, आवडला नाही तो खेळ खुशाल सोडून द्यावा. ताटात वाढलेले टाकू नये असे संस्कार आपल्यावर आहेत आणि ते अन्नाच्या बाबतीत योग्यच आहेत. पण खेळ म्हणजे अन्न नव्हे. पैसे गेले ते गेले, त्यापायी आणखी वीस तास घालवण्यात काय हशील? नव्या खरेदीच्या बाबतीत स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल, तर पैसे परत मागण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा.

पाचवे आणि सर्वांत कठीण. आकडा घरातल्या एका तरी माणसाला सांगावा. खेळांचाही आणि पैशांचाही. लपवलेली गोष्टच झोप खाते.

दीड महिन्याने तो तरुण पुन्हा आला, या वेळी पत्नीसह. त्याने तिला सर्व सांगितले होते. चार दिवस घरात अबोला होता, असे ती म्हणाली. आता कार्ड तिच्याकडे असते आणि दोन हप्ते फिटले आहेत. मध्ये एकदा मोह झाला, एक खेळ घेतला, पण तो लपवला नाही. साडेअकरापर्यंत झोप लागते. झोपेची गोळी मी दिलेलीच नव्हती.

आणि मी? मीही त्याच रविवारी सौभाग्यवतींना आकडा सांगितला. त्या रागावतील असे वाटले होते. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "अहो, दोनशे एकतीस! त्यातला एक तरी आपल्या दोघांना खेळता येईल असा आहे का?" शोधून एक काढला. दर रविवारी चहानंतर तासभर खेळतो. त्या माझ्यापेक्षा बऱ्या खेळतात.

अजून २३० बाकी आहेत. त्यांतले बहुतेक बाकीच राहतील. आता त्याचे वाईट वाटत नाही.