वेलीचे घर बदलताना

गेल्या फाल्गुनात निजामपुऱ्यातील आमचे जुने घर रिकामे करावयाचे ठरले. भांडी, कपाटे, जुन्या चोपड्यांची गाठोडी यांची वाटणी अर्ध्या दिवसात झाली. अडले ते मागच्या सज्ज्यातील मनी प्लांटपाशी. सासूबाईंनी लावलेली ती वेल खिडकीच्या गजांना धरून थेट छताच्या तुळईपर्यंत गेली होती. तिची कुंडी म्हणजे तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा. तळ गंजलेला आणि त्या भोकांतून मुळे बाहेर डोकावणारी. सासूबाईंना जाऊन सहा वर्षे झाली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, चार फांद्या कापून बाटलीत घाला आणि बाकीची राहू द्या. वेल काय, कुठेही वाढते."

शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. या वेलीचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. तिचे मूळ स्थान प्रशांत महासागरातील सोसायटी बेटांपैकी मोरेआ हे बेट. 1880 साली युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे प्रथम वर्णन केले, परंतु तिचे वर्गीकरण नक्की करण्यास त्यांच्या वारसदारांना आणखी ऐंशीहून अधिक वर्षे लागली; कारण ही वेल जवळजवळ फुलतच नाही. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे संप्रेरक तिला पुरेसे तयार करता येत नाही, हे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून घरोघरची वेल ही कोणत्या तरी दुसऱ्या वेलीची कापलेली फांदीच असते. सासूबाईंच्या वेलीची फांदी म्हणजे सासूबाईंचीच वेल, हे दिरांचे गणित बरोबर होते.

मनी प्लांट चोरून आणला तरच घरात पैसा येतो, ही समजूतही बहुधा या फांदीच्या सोयीतूनच निघाली असावी. येता-जाता कुंपणावरची वीतभर फांदी खुडणे कोणालाही साधते. अचौर्याचे अणुव्रत सांगणाऱ्या आणि पै-पैचा जमाखर्च मांडणाऱ्या घरांतूनही ही समजूत हसतमुखाने पाळली जाते, याचे मला नवल वाटत आले आहे. सासूबाईंनी आपली फांदी समोरच्या घरी जाऊन मागून आणली होती आणि ते त्या आवर्जून सांगत.

तरीही चार फांद्यांवर माझे समाधान होईना. बाटलीतली फांदी जगते, पण वर्षानुवर्षे बोटाएवढी पाने घेऊन तशीच उभी राहते. शिवाय बाटलीतले पाणी दोन-तीन दिवसांनी बदलले नाही तर त्यात डासांची अंडी उबतात आणि मग ते ओतून देताना जीव कचरतो. मी मधला मार्ग काढला. सहा फांद्या विमा म्हणून कापून ठेवल्या आणि मूळ वेल नव्या कुंडीत हलवण्याचे ठरवले.

या निर्णयामागे एक जुनी चूक होती. काही वर्षांपूर्वी मी एक मनी प्लांट चार इंची कुंडीतून काढून, भेट आलेल्या चिनी मातीच्या भल्या मोठ्या भांड्यात लावला होता. जागा ऐसपैस मिळाली की वेल खुलेल, असा माझा समज. महिन्याभरात खालची पाने पिवळी पडली. मी अधिक पाणी घातले. दुसऱ्या महिन्यात देठ मऊ झाले आणि उपटून पाहिले तर मुळांच्या जागी तपकिरी, दुर्गंधीयुक्त लगदा होता. व्यापारी घरातील वाचकांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. धंदा हातभर आणि गाळा बिघाभर घेतला की भाडे भांडवल खाते. कुंडीतही तेच घडते. मुळे जेवढ्या मातीत पोचलेली असतात तेवढ्याच मातीतले पाणी ती ओढतात. उरलेली माती दिवसेंदिवस ओली राहते. ओल्या मातीत हवा शिरत नाही, आणि हवेवाचून मुळे गुदमरून कुजतात. म्हणून नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंच, फार तर तीन इंच रुंद असावी आणि तिच्या तळाला भोक असावेच. आमचा डबा नऊ इंच रुंद होता, म्हणून मी बारा इंचांची साधी मातीची कुंडी घेतली. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते. ज्यांचा हात पाणी घालताना सैल सुटतो, त्यांच्यासाठी तीच बरी.

कुंडी बदलण्याची वेळ आली हे वेल स्वतःच सांगते. घातलेले पाणी न थांबता तळातून वाहून जाते. सकाळी पाणी देऊनही दुसऱ्या दिवशी पाने मरगळतात. नवी पाने आधीच्या पानांहून लहान येतात. असे काही नसेल तर केवळ हौसेखातर तिला हलवू नये. साधारणपणे दोन वर्षांतून एकदा हे काम पुरेसे होते.

काळाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. कोकणपट्टीतील माळी पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे ज्येष्ठ-आषाढात कुंड्या बदलतात. हवेतील ओलाव्याने मुळे लवकर धरतात, हे खरेच. परंतु तोच चातुर्मासाचा आरंभ. ओल्या मातीत गांडुळे, गोगलगायी, मुंग्या यांची वस्ती त्याच दिवसांत सर्वाधिक असते आणि आपल्यापैकी अनेक घरांत त्या चार महिन्यांत माती उकरली जात नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे होळीनंतरचे दिवस या कामास उत्तम. थंडी सरलेली असते, वेलीने नवी पालवी धरलेली असते आणि माती कोरडी असल्याने जयणाही नीट पाळता येते. चैत्राच्या उन्हाची भीती बाळगू नये. ही वेल घरातली, तिला थेट ऊन लागतच नाही.

मातीसाठी मी एक भाग लाल माती, एक भाग भिजवून पिळलेले कोकोपीट, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी जाडी वाळू घेतली. नुसती लाल माती पाणी घालता घालता विटेसारखी घट्ट होते. रोपवाटिकेतील तयार मिश्रण घेणाऱ्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: त्यात हाडांचा चुरा आहे काय? फुलझाडांच्या मिश्रणात तो सर्रास घालतात आणि पिशवीवर तो लिहिलेला असतोच असे नाही. त्याऐवजी मूठभर निंबोळी पेंड घातली तरी भागते.

आदल्या दिवशी वेलीला पाणी दिले, म्हणजे माती मुळांना धरून राहते. एरवी कुंडी आडवी करून, बुंधा बोटांच्या बेचक्यात धरून तळाला थोपटले की मुळांचा गोळा निसटून येतो. आमच्या डब्यातून तो येईना. अखेर पत्रा कापण्याची कात्री आणून डबाच दोन बाजूंनी उभा चिरला. आत माती अशी उरलीच नव्हती. डब्याचा चौकोनी आकार घेतलेला मुळांचा एक ठोकळा होता. त्याच्या तळाशी मुंग्यांचे वारूळ निघाले. तो ठोकळा सज्ज्याच्या कडेला सावलीत ओल्या गोणपाटावर तासभर ठेवला. आपली अंडी उचलून सर्व मुंग्या भिंतीच्या फटीत गेल्यावरच पुढचे काम केले. तो तास वाया गेला असे दिरांना वाटले. मला नाही वाटले.

निरोगी मूळ पांढरट आणि कडक असते, कुजलेले तपकिरी व लिबलिबीत. कुजलेले तेवढेच स्वच्छ कात्रीने कापावे. गोल गोल गुंडाळलेली मुळे बोटांनी हलकेच सैल करावीत. ती पिळून, झटकून साफ करण्याचा अट्टहास नको. नव्या कुंडीच्या भोकावर खापरीचा एकच तुकडा ठेवावा. तळाला खडीचा जाड थर देण्याची जुनी रीत मी सोडली आहे. त्याने पाण्याचा निचरा वाढत नाही. ओल खडीच्या वर, मुळांच्या जवळ येऊन थांबते. वेल पूर्वी जेवढी मातीत होती तेवढीच पुरावी आणि कडेने माती भरताना ती दाबून ठोकू नये.

आधाराचा दांडा मात्र माती भरण्यापूर्वीच उभा करावा. नंतर खुपसला तर तो मुळे तोडत जातो. काथ्या गुंडाळलेला दांडा रोपवाटिकेत मिळतो. या वेलीच्या प्रत्येक पेरापाशी हवाई मूळ असते. ते ओलसर काथ्यात शिरले की वेलीला खरा आधार सापडतो आणि वर चढताना तिची पाने मोठी होत जातात. आंब्या-नारळाच्या खोडावर चढलेल्या मनी प्लांटची ताटाएवढी पाने कोकणात अनेकांनी पाहिली असतील. तीच वेल टांगत्या कुंडीतून खाली सोडली की पाने आखडतात. आमची वेल मी पाच फुटांवर छाटली आणि पेरे काथ्याला टेकवून मऊ सुती पट्ट्यांनी सैल बांधली. भिवंडीत कापडाच्या पट्ट्यांना काय तोटा!

त्यानंतर एकदा भरपूर पाणी घालून कुंडी पंधरा दिवस उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवली. पुढचे पाणी वरची इंचभर माती सुकल्यावरच दिले. बोट खुपसून पाहणे ही त्याची खरी परीक्षा. दीड महिना कोणतेही खत घातले नाही. पहिल्या आठवड्यात तीन पाने पिवळी पडली आणि घरात सर्वांचे चेहरे उतरले, पण हलवलेली वेल तेवढा कर घेतेच. मागांच्या शहरात सुताचे तंतू आणि धूळ पानांवर बसते, ती आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून काढते.

लहान मुलांच्या घरी एवढे सांभाळावे की ही वेल अळू-सुरणाच्या कुळातली आहे. चावल्यास तिच्यातील सुईसारखे स्फटिक तोंडाची आग करतात. कापलेल्या फांद्या ओढ्यात किंवा तलावाकाठी फेकू नयेत, कारण श्रीलंकेत आणि हवाईत हीच वेल मोकळी सुटून रानातील झाडांवर पसरली आहे.

विम्याच्या सहा फांद्यांपैकी पाच धरल्या. एक दिरांनी नेली, बाटलीत नव्हे, कुंडीत. मूळ वेलीला आषाढापर्यंत चार नवी पाने आली. चौथे पान माझ्या पंजाहून मोठे आहे.