नावाची पाटी आणि भाड्याची खोली

घराला पाटी असते आणि पाटीच्या मागे घर असते. या दोन वस्तू निराळ्या आहेत हे सांगण्यासाठी व्याख्यान कशाला हवे, असे कोणी विचारील. परंतु इंटरनेटवर स्वतःचे संकेतस्थळ काढणाऱ्या पुष्कळ सुशिक्षित माणसांचा घोटाळा नेमका याच ठिकाणी होतो, असे आम्हांला दिसून आले आहे. 'आमचे संकेतस्थळ आहे,' असे ते अभिमानाने सांगतात. मात्र त्याचे नाव कोणाच्या नावावर नोंदले आहे आणि मजकूर कोणाच्या यंत्रावर ठेवला आहे, असे विचारले की उत्तर येते, 'ते सगळे भाचा पाहतो.' भाचा पाहतो आहे तोवर ठीक. तो पाहीनासा झाला म्हणजे काय होते, हा आजचा खरा प्रश्न आहे.

समजा, एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तीस वर्षे गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. ज्या म्हाताऱ्यांनी त्या सांगितल्या त्यांतल्या बऱ्याचजणी आता हयात नाहीत. बाईंना हा संग्रह सर्वांना वाचता यावा असे वाटते. त्यासाठी त्यांना दोन गोष्टी मिळवाव्या लागतील: एक नाव आणि एक जागा. पहिलीला डोमेन नाव म्हणतात, दुसरीला होस्टिंग.

प्रथम नावाचा विचार करू. इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. प्रचलित जुन्या पद्धतीत हा पत्ता चार आकड्यांचा असतो व प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला असतो. असे एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. ते पुरेनासे झाल्यामुळे त्याहून पुष्कळ लांब पत्त्यांची नवी पद्धतही आता चालू आहे. असले आकडे माणसाच्या ध्यानात राहात नाहीत. म्हणून नाव आणि आकडा यांची सांगड घालणारी यादी हवी. आरंभी अशी एकच यादी होती. ती अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ठेवीत असत, आणि बाकीची यंत्रे तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रे थोडी होती तोवर हे निभावले. पुढे ती वाढू लागली तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली निराळी व्यवस्था मांडली. सबंध यादी एका ठिकाणी न ठेवता तिचे तुकडे करावेत आणि ज्याचा तुकडा त्याने सांभाळावा, हे तिचे मर्म होय. आजही तीच व्यवस्था चालते.

ती कशी चालते हे टपालाच्या दाखल्यावरून ध्यानात येईल. पाकिटावर आपण आधी माणसाचे नाव लिहितो, मग वाडा, मग पेठ, आणि शेवटी गाव. टपाल निवडणारा कारकून मात्र आधी शेवटची ओळ पाहतो. पुण्याचे पत्र पुण्याच्या थैलीत टाकले की त्याचे काम संपले. पेठ पुण्यात पाहिली जाईल. डोमेन नावही असेच शेवटाकडून वाचतात. बाईंचे नाव 'ओवीसंग्रह डॉट इन' असे असेल, तर वाचकाच्या वतीने चौकशी करणारे यंत्र आधी सर्वांत वरच्या, मूळ सर्व्हरकडे जाते. तो म्हणतो, 'ओवीसंग्रह मला ठाऊक नाही. पण डॉट इनचे दप्तर अमक्याकडे आहे.' डॉट इनचे दप्तर सांगते, 'या नावाची माहिती अमक्या नामसर्व्हरवर आहे.' तो नामसर्व्हर अखेर आकडा देतो, आणि मग वाचकाचा ब्राउझर त्या आकड्याच्या दारात जाऊन उभा राहतो. एवढा प्रवास डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो. शिवाय चौकशी करणारे यंत्र मिळालेले उत्तर ठराविक काळ जवळ बाळगते. म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागत नाही.

अशा नावांची नोंद ठेवणाऱ्या संस्था ठरलेल्या आहेत. या साऱ्या व्यवस्थेची देखरेख १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था करते. आपल्या डॉट इनचे दप्तर काही वर्षे मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होते. २००५ पासून ते नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. देवनागरीत नाव हवे असेल तर डॉट भारतची सोय २०१४ पासून झाली आहे. यात एक गंमत आहे. नावांचे दप्तर अद्याप रोमन अक्षरेच जाणते. म्हणून आपले देवनागरी नाव आतल्या आत एका ठराविक रीतीने रोमन अक्षरांत बदलले जाते आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

सामान्य माणूस या दप्तरांशी थेट व्यवहार करीत नाही. मध्ये नोंदणीदार कंपन्या असतात; त्यांच्याकडे पैसे भरले की त्या नाव नोंदवून देतात. येथे एक मुद्दा पक्का ध्यानात धरला पाहिजे. नाव विकत मिळत नाही, मुदतीच्या पट्ट्याने मिळते. मुदत वर्षाची असते, आणि डॉट कॉमसारख्या नावांचा पट्टा एका वेळी फार तर १० वर्षांचा करता येतो. मुदत टळली म्हणजे सहसा काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरणाची सवलत मिळते. डॉट कॉमच्या बाबतीत नाव रद्द झाल्यावर पुढे ३० दिवस जबर आकार भरून ते सोडवता येते. त्यानंतर ५ दिवस ते तसेच पडून राहते आणि मग जो पहिला येईल त्याचे होते. येणारा ओव्यांचा रसिक असेलच असे नाही. जुगाराच्या जाहिराती लावणाराही असू शकतो. मग वाचक जुन्या ओळखीने त्या दारात येतील आणि भलत्याच घरात शिरतील.

आता जागेकडे वळू. मजकूर ज्यावर ठेवायचा तो सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहणारा एक संगणकच. तो घरीही ठेवता येतो; पण वीज गेली, पाऊस पडून तार तुटली, की दार बंद. म्हणून लोक जागा भाड्याने घेतात. तिचे प्रकार आपल्याला परिचित आहेत. पहिला प्रकार चाळीचा. एकाच यंत्रावर शेकडो बिऱ्हाडे राहतात. भाडे थोडे, पण नळ सामाईक. शेजाऱ्याकडे लग्नघाई असली की आपल्या नळाची धार बारीक होते. दुसरा प्रकार ब्लॉकचा. इमारत तीच, पण प्रत्येकाच्या वाट्याचे पाणी ठरलेले. तिसरा स्वतंत्र बंगल्याचा. बाईंच्या ओव्यांना चाळीतली खोली पुरून उरेल.

चाळीचा पत्ता एकच, मग वाचक नेमका बाईंच्याच खोलीत कसा पोहोचतो? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार ब्राउझरने दार ठोठावताना, आपल्याला कोणाकडे जायचे आहे ते नावही सांगावे लागते. ते ऐकून सर्व्हर त्या त्या बिऱ्हाडाचे पान पुढे करतो. म्हणजे नाव केवळ वाट दाखवीत नाही, दारात पोहोचल्यावरही त्याचा उपयोग असतो.

नाव आणि जागा यांना जोडणारा दुवा तो नामसर्व्हरवरील एक नोंद, एवढाच. यातच माणसाचे स्वातंत्र्य आहे. घरमालक भाडे वाढवू लागला, तर बाईंनी मजकूर दुसरीकडे न्यावा आणि त्या नोंदीतला आकडा बदलावा. वाचकाला बदल कळणारही नाही. पण मघाशी सांगितल्याप्रमाणे जुने उत्तर काही काळ लोकांच्या यंत्रांत राहते. म्हणून दोनचार दिवस जुनी खोली सोडू नये.

नाव स्वतःचे नसले म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. १९९४ साली निघालेल्या जिओसिटीज या कंपनीने लोकांना फुकट जागा दिली. लक्षावधी सामान्य माणसांनी तेथे आपले छंद, आपल्या गावाच्या हकिगती, आपल्या मृत आप्तांच्या आठवणी मांडल्या. १९९९ साली ती कंपनी याहूने विकत घेतली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील ती वस्ती बंद झाली. पुष्कळ मजकूर स्वयंसेवकांनी धावपळ करून वाचवला. परंतु पाटी कंपनीची असल्यामुळे त्या पत्त्यांवर येणाऱ्यांना कोणीच भेटेना. ज्यांचे नाव स्वतःचे असते ते जागा गेली तर दुसरी घेतात. या लोकांना ती सोय नव्हती.

एवंच, आमचे सांगणे थोडके आहे. नाव स्वतःच्या नावे नोंदवावे. भाच्याच्या नव्हे आणि संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्याही नव्हे. नोंदणीत जो ईमेल पत्ता द्यायचा तो त्याच डोमेनवरचा नसावा. नाव बंद पडले तर नूतनीकरणाची सूचनाही मिळायची नाही. नाव एकाकडे आणि जागा दुसऱ्याकडे घेतली तर एकाशी वाद झाला तरी दुसरे हातात राहते. मजकुराची एक नक्कल घरी असावी, आणि ती उघडून वाचता येते की नाही हे वर्षातून एकदा पाहावे. आणि ज्याप्रमाणे आपण बँकेचे पासबुक कोठे आहे हे घरात सांगून ठेवतो, त्याप्रमाणे या नावाची मुदत केव्हा संपते व ती कोणी भरायची, हेही कोणाला तरी सांगून ठेवावे.

वहीला वाळवी लागते हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. म्हणून ती वही वर्षातून एकदा उन्हात टाकी. संकेतस्थळाची वाळवी निराळी आहे. ती दिसत नाही, आणि मुदतीच्या दुसऱ्या दिवशी एकदम लागते. शिक्षिकाबाईंच्या ओव्या ज्यांनी सांगितल्या त्या पुन्हा सांगायला येणार नाहीत. तेव्हा वर्षाकाठी थोडे पैसे आणि थोडी आठवण, एवढा खर्च त्या ओव्यांसाठी जड वाटू नये.