काचेच्या टाकीतील आजारी मासा : रोग माशाचा की पाण्याचा?

मासा आजारी आहे हे लहान मुलालाही कळते. तो कोपऱ्यात बसतो, पर मिटून घेतो, खाणे टाकतो. परंतु तो कशाने आजारी आहे हे सांगणे कठीण. माणूस निदान पोटावर हात ठेवून दाखवितो; गाय-बैल रवंथ थांबवितात, नाकपुडी कोरडी पडते, ते आपल्या शेतकऱ्याला उपजत ठाऊक असते. माशाच्या बाबतीत अशी परंपरेची विद्या आपल्यापाशी नाही. आमच्या पिढीतील पुष्कळांनी काचेआडचा मासा पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या सहलीत, १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. आता शिरूर अनंतपाळसारख्या गावातही बैठकीच्या खोलीत काचेची टाकी ठेवणारी घरे आहेत. टाकी आली, मासे आले. त्यांच्या दुखण्याचे ज्ञान मात्र मागे राहिले.

माझे आयुष्य हमालांत आणि डाळमिलच्या कामगारांत गेले. त्या कामात एक गोष्ट फार लवकर शिकलो. एखादा माणूस खोकू लागला तर डॉक्टरांनी त्याची छाती तपासावी हे ठीक. पण एका खात्यातले दहाच्या दहा जण खोकू लागले तर छातीआधी त्या खात्यातील धूळ तपासली पाहिजे. दहा जणांना खोकल्याच्या दहा बाटल्या देऊन पुन्हा त्याच धुळीत उभे केले, तर त्याला उपचार म्हणत नाहीत. माशांकडे पाहताना मला या अनुभवाचा जितका उपयोग झाला तितका कोणत्याही पुस्तकाचा झाला नाही. म्हणून पहिला प्रश्न हा : आजारी एक आहे, की सगळेच? एकच मासा कोमेजला असेल तर रोग, जखम, म्हातारपण किंवा शेजाऱ्याची दांडगाई यांचा विचार करावा. निरनिराळ्या जातींचे मासे एकदम बिघडले असतील तर पाण्यावर संशय घ्यावा.

एका हमाल मित्राच्या घरची हकिकत सांगतो. परीक्षा संपल्यावर त्याच्या मुलाने मोठ्या उत्साहाने टाकी ‘स्वच्छ’ केली. सगळे पाणी उपसले, रेती नळाखाली खळखळून धुतली, फिल्टरमधला स्पंज साबणाने पांढराशुभ्र केला, ताजे पाणी भरले. टाकी आरशासारखी दिसू लागली. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकू लागले. मुलगा धावत एका दुकानात गेला. दुकानदाराने काही न विचारता निळे औषध दिले. पाचव्या दिवशी टाकीत एकही मासा उरला नाही. मुलाने आठवडाभर कोणाशी धड बोलणे केले नाही, कारण आपल्या हातून काहीतरी घडले एवढे त्याला कळले होते; काय घडले ते मात्र कोणी सांगत नव्हते.

घडले ते असे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेले अन्न कुजूनही तोच तयार होतो. अमोनिया विषारी आहे. रेतीत आणि स्पंजात एका जातीचे जिवाणू राहतात, ते अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, पण दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते माशाला बरेच सोसते. ही जिवाणूंची वस्ती नव्या टाकीत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. मुलाने ती एका दुपारी धुऊन टाकली. साबणाचा अंश राहिला असेल तो निराळाच. त्यात निळे औषध म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. ते बुरशीवर उपयोगी पडते हे खरे, पण उरलेसुरले हितकारक जिवाणूही मारते. म्हणून स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाखाली नव्हे.

आता आपल्या भागाची एक खास अडचण. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक रूप फारसे बाधत नाही, दुसरे जाळते. किती भाग जाळणारा, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असते. पंचवीस अंश उष्णतेला, पीएच ७ असेल तर विषारी भाग हजारात सुमारे सहा. पीएच ८ झाला की तोच शंभरात पाचाच्या वर जातो. म्हणजे नऊपट! आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी. त्यामुळे मऊ पाण्याच्या गावात जी हयगय खपून जाते ती आपल्याकडे मासे मारते. पाणी तपासण्याचे थेंबांचे संच बाजारात मिळतात. सोनेरी माशाची आणखी एक जोडी घेण्याऐवजी तो संच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून विचित्र प्रकार मी दुष्काळी वर्षांत पाहिला. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ तारखेला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. अशा दिवसांत टाकीचे पाणी बदलायला कोणाचा हात धजेल? मग लोक काय करतात, आटले तेवढेच बोअरचे पाणी वरून घालतात. आटते ते नुसते पाणी. क्षार तळाशीच राहतात. पुन्हा भर, पुन्हा क्षार. काचेवर पाण्याच्या रेघेशी पांढरी खरड धरते, ती या गोष्टीची खूण. जुने मासे हळूहळू त्या पाण्याला सरावतात, आणि मालकाची समजूत होते की सर्व आलबेल आहे. नवा मासा आणून सोडला की दोन दिवसांत मरतो. ‘दुकानदाराने रोगट माल दिला’ असा बोभाटा होतो. वस्तुतः नवा मासा एका पाण्यातून एकदम निराळ्याच पाण्यात पडलेला असतो. ‘जुने कसे जगले?’ हा प्रश्न इथे फसवा आहे. गिरणीत वीस वर्षे काढलेला माणूस धुळीत उभा राहतो, म्हणून धूळ निरुपद्रवी ठरत नाही.

यावर उपाय फार पाण्याचा नाही. टाकीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी व हजाराने भागावे, म्हणजे लिटर निघतात. ६० × ३० × ३० ची टाकी ५४ लिटरांची. रेती व वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीस धरावे. आठवड्याला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे जेमतेम एक घागर, बदलले तरी पुरे. काढलेले पाणी कढीपत्त्याला घालावे. त्यातील नायट्रेट हे खतच आहे. पावसाळ्यात धरलेले स्वच्छ पाणी बोअरच्या पाण्यात मिसळले तर उत्तमच. एका घरी मात्र शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून टाकीत घालीत होते. त्या पाण्यात तर क्षार अधिकच दाटलेले असतात!

टँकरचे किंवा नळाचे पाणी असेल तर त्यात जंतुनाशक क्लोरिन असतो. माणसाला तो तारक, माशाच्या कल्ल्यांना मारक. पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवले की बहुतेक उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे, पूर्वी फोटोग्राफर मंडळी ज्याला हायपो म्हणत तेच, चिमूटभर पुरतात.

निदान करताना वेळही पाहावी. मासे पहाटे धापा टाकतात आणि दुपारी बरे दिसतात, तेव्हा बहुधा प्राणवायू कमी पडतो. रात्री पाणवनस्पतीही तो वापरतात. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. वैशाखात खोलीच भट्टी होते, त्यात वीज गेली आणि हवेचा पंप थांबला की मासे गुदमरतात. अशा वेळी तांब्याने पाणी उंचावरून टाकीत ओतत राहावे; हा बिनखर्ची पंप आहे. आणि एक प्रश्न गृहिणींना जरूर विचारावा : खोलीत डास मारायचे औषध लावले होते का? त्यातील पायरेथ्रॉइड माशांना अतिशय जहरी असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो.

पाणी निर्दोष ठरले तरच अंगावरील खुणांकडे वळावे. अंगावर, परांवर रव्याचे कण चिकटल्यासारखे दिसतात आणि मासा दगडाला अंग घासतो, तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. नव्या माशाबरोबर तो हमखास येतो. ठिपका म्हणजे कातडीखाली दडलेला एक सूक्ष्म परजीवी. तो पोसला की गळून तळाला जातो, कोश करतो, त्यातून शेकडो पिल्ले निघतात आणि दोनेक दिवसांत त्यांना मासा गाठावा लागतो. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला नाही आणि कोशातल्यालाही नाही. पंचवीस अंशांना हे चक्र साधारण आठवड्याचे. लोक चुकतात ते इथेच. तिसऱ्या दिवशी ठिपके दिसेनासे होतात, आनंदाने औषध बंद केले जाते, आणि पुढच्या आठवड्यात दसपटीने ठिपके येतात. निदान दोन आठवडे उपचार चालू ठेवला पाहिजे. लिटरला दोन-तीन ग्रॅम खडे मीठ, आधी विरघळवून, एक-दोन दिवसांत थोडेथोडे घालावे. पण टेट्रा आणि मिशावाले तळमासे यांना इतके मीठ सोसत नाही, त्यांना वेगळे काढावे.

ठिपके रव्यासारखे नसून हळदीची पूड उडविल्यासारखे पिवळसर असतील तर तो निराळा परजीवी. तिरपा उजेड टाकल्याशिवाय तो दिसत नाही. जखमेवर कापसासारखा झुपका ही बुरशी. तोच कापूस ओठांभोवती दिसला आणि मासा दोन दिवसांत खलास होऊ लागला, तर ती बुरशी नसून जिवाणू असतात, आणि त्यांना ऊन पाणी मानवते. म्हणून तेव्हा पाणी तापवू नये. खवले उभे राहून मासा देवदाराच्या फळासारखा दिसू लागला म्हणजे आत मूत्रपिंड गेले. इथे बहुधा औषध चालत नाही, खोटी आशाही देऊ नये.

फाटलेल्या परांवरून गल्लत फार होते. कुजलेल्या पराची कड पांढरी किंवा लालसर असते आणि दररोज थोडी झिजते. एका रात्रीत स्वच्छ तुकडा गेला असेल तर ते चावणे आहे. पट्टेवाले टायगर बार्ब लांब परांच्या एंजलला किंवा गप्पीला सुखाने राहू देत नाहीत. सर्व जाती एकत्र नांदविण्याची हौस चांगली, पण थंड पाण्याचा सोनेरी मासा, ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातील निऑन टेट्रा आणि जड पाण्यात मजेत वाढणारा गप्पी यांना एका टाकीत कोंबायचे, आणि मग आजारी कोण पडते ते पाहायचे, ही हौस नव्हे. (गप्पी हे नाव गप्पांवरून आले नाही, त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या गृहस्थावरून पडले. आपल्याकडे हिवतापाचे कर्मचारी डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात सोडतात तो हाच.)

रोग नसताना उपचार होतात तेही सांगितले पाहिजे. सोनेरी नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर विणीच्या काळात पांढरे बारीक पुरळ येते. त्याला ठिपक्यांचा रोग समजून औषध पाजतात. पोट फुगलेली गप्पी मादी बहुधा गरोदर असते. गुरामी आणि फायटर वर येऊन हवा गिळतात, तो त्यांचा स्वभावच आहे. निऑन रात्री फिका पडतो, सकाळी पुन्हा उजळतो.

मासा मेलाच तर तासाभराच्या आत कल्ले उचलून पाहावेत; नंतर रंग उडतो आणि साक्ष जाते. तांबडे असतील तर ठीक. तपकिरी, चॉकलेटी असतील तर नायट्राइटने रक्त बिघडले. उरलेल्यांना वाचविण्यासाठी पाणी बदलावे आणि लिटरला अर्धा-एक ग्रॅम मीठ घालावे, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मासे महिनोन्‌महिने वाळत जातात, पाठ वाकते, एकामागून एक जातात, तेव्हा माशांच्या क्षयाचा संशय घ्यावा. त्याचे जंतू हाताच्या जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतात. पोती उचलून ज्यांच्या बोटांना सदैव चिरा असतात अशा माझ्या मित्रांना मी हे मुद्दाम सांगतो : टाकीत उघडा हात घालू नका. हातावर गाठ येऊन महिना झाला तरी बरी होत नसेल, तर डॉक्टरांना टाकीबद्दल जरूर सांगा, कारण ते आपण होऊन तसे विचारणार नाहीत.

नवा मासा आणला की दोन ते चार आठवडे निराळ्या टबात ठेवावा. आणि टाकी मोडायची झाली तर मासे व पाणी घरणीच्या पात्रात किंवा विहिरीत ओतू नये. १९८८ साली ईशान्येकडून शिरलेल्या व्रणरोगाने पुढे देशभर मरळीसारख्या गोड्या पाण्यातील माशांच्या अंगाला भोके पाडली. तो टाकीतून आला असे मी म्हणत नाही. परंतु एकदा धरणात शिरलेला रोग हुडकायला तिथे काच नसते. मेलेला मासा कुंडीत खोल पुरावा, आणि पाणी झाडाला घालावे.