दवाखान्यातील तपासणी यंत्र : किमतीइतकीच अचूकताही महत्त्वाची

रक्तातील साखर, हिमोग्लोबिन यांसारख्या तपासण्या दवाखान्यातच झाल्यास रुग्णाची खेप वाचते आणि त्याच भेटीत उपचार ठरवता येतात. मात्र निष्कर्ष चुकल्यास औषधाची मात्राही चुकते. त्यामुळे यंत्राची निवड हा केवळ खरेदीचा नव्हे, तर रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

प्रथम गरज निश्चित करावी. दिवसाकाठी मोजकेच नमुने येत असतील, तर अर्धस्वयंचलित बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझर पुरेसा ठरतो. मोठे यंत्र घेतल्यास उघडलेले रीएजंट मुदत संपून वाया जाण्याचा धोका असतो.

प्रत्येक यंत्राची मर्यादा जाणून घेणेही आवश्यक आहे. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३ मधील आवृत्तीनुसार, साखर १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असताना किमान ९५ टक्के निष्कर्ष संदर्भ मूल्याच्या १५ टक्के मर्यादेत असावे लागतात. म्हणजेच २०० मिलिग्रॅम साखर १७० ते २३० दरम्यान दिसली, तरी यंत्र मानकात बसते. म्हणूनच मधुमेहाचे प्रथम निदान प्रयोगशाळेतील प्लाझ्मा तपासणीवरूनच करणे योग्य ठरते.

तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणाऱ्या एचबीए१सी चाचणीबाबत अधिक सावधगिरी हवी. सिकलसेलसारख्या हिमोग्लोबिनमधील बदलांमुळे काही पद्धतींचे निष्कर्ष बिघडतात. विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा यांसारख्या सिकलसेल आढळणाऱ्या भागांत खरेदीपूर्वी याची विचारणा अवश्य करावी.

यंत्राच्या किमतीसोबत प्रत्येक चाचणीचा खर्चही काढावा. बंदिस्त प्रणालीच्या यंत्रांत त्याच कंपनीचे रीएजंट वापरावे लागतात. त्यामुळे स्वस्त यंत्र पुढे महाग पडू शकते. अनेक रीएजंट २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागत असल्याने अखंड वीज, यूपीएस आणि जवळपास दुरुस्तीची सोय आहे किंवा नाही, हेही पाहावे.

निदान उपकरणांना लागू असलेले वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. या नियमांनुसार आवश्यक परवाना उत्पादकाकडे अथवा आयातदाराकडे असल्याची खातरजमा करावी. सुया व रक्ताने माखलेल्या साहित्याची विल्हेवाट जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे लावणे बंधनकारक आहे.

यंत्र बसविल्यानंतर चाचण्या सुरू करण्यापूर्वी दररोज कंट्रोल नमुना तपासून त्याची नोंद ठेवावी. अधूनमधून एकच नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतही पाठवून निष्कर्ष ताडून पाहावेत. तफावत मोठी आढळल्यास दोष सापडेपर्यंत त्या यंत्राचा अहवाल रुग्णाच्या हाती देऊ नये.